दमते कोण? श्वासपटल की मेंदू?

शहाळ्याचे पाणी पिण्यासाठी मिळते तसली एक नळी घ्या. नाक चिमटीत धरा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि फक्त नळीतून श्वास घ्या. पहिले दोन-तीन श्वास गमतीत जातात. मग गंमत संपते. (वर्गात हा प्रयोग करायचा तर अर्धा मिनिट पुरे. दमा असलेल्या मुलांना त्यात घेऊ नये आणि नकोसे वाटताच नळी काढावी.) जरा लक्ष देऊन पाहिले तर तीन गोष्टी जाणवतात. प्रत्येक श्वास नेहमीपेक्षा लांबला आहे. मानेचे आणि छातीचे स्नायू ताणले जात आहेत. आणि मघापर्यंत ज्या श्वासाची आपल्याला आठवणही नव्हती, त्याच्याकडेच आता सगळे लक्ष लागले आहे.

विशेष म्हणजे एवढ्या थोड्या वेळात रक्तातला प्राणवायू काही कमी झालेला नसतो. मग श्वास जड झाल्याची बातमी मेंदूला दिली कोणी? आणि नळी जर तासभर तोंडात ठेवावी लागली, तर आधी हार कोण मानेल? श्वास ओढणारा स्नायू, की त्याला हुकूम सोडणारा मेंदू? हा प्रश्न दिसतो साधा, पण त्याच्या मागे शरीरशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ लागलेले आहेत. शिवाय हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचाही नाही. दम्याचा जोराचा झटका आलेले मूल, पोलिओने लुळा पडलेला रोगी, अतिदक्षता विभागात यंत्रावर ठेवलेला माणूस, या सगळ्यांचे जगणे त्याच्या उत्तराशी बांधलेले आहे.

आधी स्नायूची ओळख करून घेऊ. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक पातळ पडदा आहे. त्याला श्वासपटल किंवा मध्यपटल म्हणतात. तो आकुंचन पावला की घुमट खाली बसतो, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आत येते. दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा हे घडते. मुलांना वाटते की हृदयाप्रमाणेच हा पडदाही आपला आपणच हलतो. तसे नाही. हृदय शरीराबाहेर काढले तरी काही वेळ धडधडत राहते, कारण त्याची लय त्याच्या आतच असते. श्वासपटलाला मात्र स्वतःची लय नाही. प्रत्येक आकुंचनासाठी त्याला वरून हुकूम यावा लागतो. हुकूम आला नाही, तर ते नुसते लोंबकळत राहील.

हा हुकूम कोणत्या वाटेने येतो हे दुसऱ्या शतकात गेलेनने शोधून काढले. तो पर्गमॉनचा, उमेदवारीच्या काळात त्याने तिथल्या ग्लॅडिएटरांवर, म्हणजे आखाड्यात झुंजणाऱ्या मल्लांवर, उपचार केले होते. पुढे त्याने जिवंत प्राण्यांचा मेरुरज्जू निरनिराळ्या उंचीवर कापून पाहिला. मानेच्या अगदी वरच्या भागात काप घेतला की श्वास तत्काळ थांबे. मानेच्या खालच्या टोकाशी कापले तर फासळ्यांचे स्नायू निकामी होत, पण श्वासपटल चालू राहून प्राणी पोटाने श्वास घेत राही. याचा अर्थ स्पष्ट होता. श्वासपटलाची चेता मानेतून निघते आणि छातीतून खाली उतरते. आज आपण म्हणतो की माणसात ती मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघते. झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडून मान मोडलेला माणूस जागीच जातो की हातपाय लुळे होऊनही श्वास घेत राहतो, हे इजा या पातळीच्या वर आहे की खाली, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

हुकूम निघतो कोठून, हे कळायला मात्र आणखी सोळाशे वर्षे जावी लागली. फ्रान्समध्ये लगाल्वा या वैद्याने सशांचा मेंदू वरून खाली चकतीचकतीने कापत नेला. मोठा मेंदू गेला, लहान मेंदू गेला, तरी ससा श्वास घेतच होता. लंबमज्जेतल्या एका विशिष्ट ठिकाणी सुरी पोचली आणि श्वास थांबला. १८१२ साली त्याने हे ग्रंथरूपाने मांडले. पुढे फ्लुराँने ही जागा आणखी आकसून आणली, तिला ‘जीवनग्रंथी’ अशा अर्थाचे नाव दिले आणि ती टाचणीच्या डोक्याएवढी असल्याचे सांगितले. हा जरा अतिरेक होता. पण कल्पना अगदीच चुकीची नव्हती. १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंबमज्जेत काही हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका दाखवून दिला. या पुंजक्याची पातळ चकती बशीत ठेवली तरी ती श्वासाची लय चालू ठेवते. तिच्या शेजारच्या भागाचे नाव बोट्झिंगर, म्हणून हा प्रीबोट्झिंगर. हे नाव कोणा शास्त्रज्ञाचे असेल असे वाटते, पण ते जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या द्राक्षमद्याच्या बाटलीवरून आले आहे!

लय कोठे जन्मते हे असे कळले. पण नळीतून श्वास घेताना ती लय बदलते, त्याचे काय? पहिला धागा १८६८ मध्ये व्हिएन्नात सापडला. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी प्राण्यांचे फुफ्फुस हवेने फुगवले, तेव्हा आत येणारा श्वास तिथल्या तिथे तुटला. छातीतून मेंदूकडे जाणारी व्हेगस चेता कापली की हा परिणाम नाहीसा होई आणि श्वास संथ व खोल होत. म्हणजे फुफ्फुस पुरेसे भरले की ‘बस्स’ असा निरोप वर जातो. (हा ब्रॉयर म्हणजेच पुढे फ्रॉइडबरोबर उन्मादावरचे पुस्तक लिहिणारा ब्रॉयर.) आता नळीचा विचार करा. अरुंद वाटेतून हवा सावकाश शिरते, फुफ्फुस उशिरा भरते, ‘बस्स’चा निरोप उशिरा पोचतो आणि श्वास लांबतो. प्राण्यांमध्ये हे स्पष्टीकरण छान लागू पडते. माणसात मात्र नेहमीच्या श्वासाच्या वेळी ही प्रतिक्षिप्त क्रिया फार क्षीण असते, त्यामुळे एवढ्याने आपले काम भागत नाही.

इथे ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हॉल्डेनकडे यायला हवे. कोळशाच्या खाणींत स्फोटानंतर माणसे कशाने मरतात हे शोधताना त्याची सारी हयात विषारी वायूंशी झगडण्यात गेली, आणि प्रयोगाचा पहिला प्राणी बहुधा तो स्वतःच असे. मुलालाही त्याने सोडले नाही. खाणीत नेऊन, जिथे छताशी मिथेन साठला होता तिथे उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. पोराचे पाय लटपटले आणि ते खाली पडले. जमिनीलगतची हवा चांगली होती, त्यामुळे ते पुन्हा शुद्धीवर आले. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हा धडा या मुलाला जन्मभर पुरला असणार. हाच मुलगा पुढे विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन झाला, १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

बापाचा गाजलेला निबंध १९०५ चा. तो त्याने प्रीस्टली या तरुण सहकाऱ्याबरोबर लिहिला. (ऑक्सिजनवाला प्रीस्टली हा नव्हे, तो शंभर वर्षे आधीचा.) दोघांनी एक सोपी युक्ती काढली. लांब नळीतून झटकन उच्छ्वास सोडायचा आणि त्यातली शेवटची हवा पकडायची. ही हवा वायुकोशांतली, म्हणजे फुफ्फुसाच्या अगदी तळाची. मग हीच तपासणी त्यांनी बेन नेव्हिस या डोंगराच्या माथ्यावर केली, कॉर्नवॉलमधल्या डॉल्कोथ खाणीच्या तळाशी केली आणि दाबाखालच्या हवेच्या खोलीतही केली. हवेचा दाब बदलला तरी वायुकोशांतल्या कार्बन डायॉक्साइडचा दाब जवळजवळ जागचा हलत नव्हता. मात्र हा दाब पाऱ्याच्या दीड-दोन मिलिमीटरनी जरी वाढवला, तरी श्वासाची हवा जवळजवळ दुप्पट होई. म्हणजे एरवी श्वासाचा लगाम प्राणवायूच्या हाती नसून कार्बन डायॉक्साइडच्या हाती आहे. प्राणवायू बराच कमी झाल्यावर दखल घेणारी यंत्रणा वेगळी आहे. ती मानेतल्या रोहिणीपाशी असते आणि तिच्या शोधासाठी बेल्जियमच्या हेमान्सला १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे समीकरण एका साथीत आपल्या अनुभवाला आले. २०२० मध्ये कोविडचे काही रोगी प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असतानाही गप्पा मारत बसलेले आढळत. त्यांच्या फुफ्फुसातून कार्बन डायॉक्साइड बाहेर पडत होता, म्हणून लगाम ओढला जात नव्हता आणि धापही लागत नव्हती. बोटाला ऑक्सिमीटर लावून घरोघर फिरावे लागले ते यासाठीच. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ज्या शिक्षकांनी अशा फेऱ्या मारल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडण्यात आला आणि हॉल्डेनला तातडीने फ्रान्सला पाठवण्यात आले. त्यानंतर सैनिकांच्या तोंडावर मुखवटे आले. या मुखवट्यांच्या डब्यात कोळसा आणि रसायने ठासून भरलेली, त्यातून हवा ओढायची. म्हणजे आपली शहाळ्याची नळीच, फक्त पाठीवर ओझे आणि समोर शत्रू. अडथळ्यातून श्वास घेताना माणसाचे काय होते हा प्रश्न आता तातडीचा झाला होता. १९१९ मध्ये डेव्हिस, हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. अडथळा बेताचा असेल तर श्वास संथ आणि खोल होतो. अडथळा फार वाढला, तर काही वेळाने सारे उलटते. श्वास उथळ होतात, भराभर होतात आणि माणूस लवकरच हात टेकतो. हॉल्डेनचे निदान असे की इथे थकते ते मेंदूतले श्वसनकेंद्र. स्नायूकडे त्याने बोट दाखवले नाही. हे निदान पुढे पन्नासएक वर्षे जवळजवळ विसरले गेले.

आता थोडे बाजूला जाऊन कोपनहेगनला जाऊ, कारण हुकूम शाबूत आणि स्नायू लुळा अशी उलटी परिस्थिती तिथे शेकडो माणसांवर ओढवली. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात रोग्याला आत झोपवायचे ‘लोखंडी फुफ्फुस’ होते एक, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास लुळा पडलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे. डॉक्टर म्हणत, रक्त अल्कधर्मी झाले असावे. भूलतज्ज्ञ इब्सेनने सांगितले की हा अर्थच चुकला आहे. रोग्यांच्या अंगात कार्बन डायॉक्साइड साठतो आहे. श्वास पुरेसा होत नाही एवढेच. २७ ऑगस्टला त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि रबरी फुगा हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, हाताने फुगे दाबले. मृत्यूचे प्रमाण चटकन खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग याच पाळ्यांमधून जन्माला आला.

पोलिओच्या रोग्यांना आपला हुकूम पाळला जात नसल्याचे कळे, आणि त्याची भीती वाटे. ही जाणीव येते तरी कोठून? लंडनच्या कॅम्पबेल आणि हॉवेल यांनी १९६३ मध्ये एक कल्पना मांडली. रिकामी समजून उचललेली बादली भरलेली निघाली, तर हाताला लगेच फसगत कळते. इतका जोर लावला तर बादली इतकी उचलली जाईल, असा हिशेब आपण नकळत बांधलेला असतो. श्वासाचेही तसेच. इतका हुकूम सोडला तर स्नायू इतका आखडेल आणि छाती इतकी फुगेल, असा अंदाज मेंदू धरून असतो. तो चुकला की धाप जाणवते. गंमत अशी की स्वतःची लांबी मोजणारी सूक्ष्म यंत्रे श्वासपटलात फार थोडी असतात. फासळ्यांमधल्या स्नायूंत ती भरपूर असतात. तेव्हा बातमी बरीचशी शेजाऱ्यांकडून येते असे म्हणायला हरकत नाही.

कल्पना सुरेख, पण तपासायची कशी? त्यासाठी माणसे स्वतःला लुळी करून घ्यायला तयार झाली. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावतात ते क्युरारे हे विष स्नायू लुळे करते. त्याने शुद्धही हरपते असे काही डॉक्टरांना वाटत होते. १९४७ मध्ये यूटामधल्या स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने ते स्वतःला टोचवून घेतले आणि सहकाऱ्यांना श्वास चालवायला सांगितले. तो पूर्ण लुळा पडला, पण त्याला सगळे ऐकू येत होते, कळत होते आणि नंतर सगळे आठवतही होते. वीस वर्षांनी, १९६७ मध्ये, कॅम्पबेलच्या गटाने याच मार्गाने श्वास रोखण्याचा प्रयोग केला. एरवी दीडएक मिनिटात जीव कासावीस होतो. लुळ्या अवस्थेत श्वास थांबवला, तर माणसांना तो कितीतरी जास्त वेळ सोसला, आणि ती घुसमटही झाली नाही. निष्कर्ष सरळ वाटत होता की स्नायू धडपडतच नाहीत, म्हणून धाप नाही.

पण १९९० मध्ये अमेरिकेत बॅन्झेट आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. पूर्ण लुळ्या पाडलेल्या, शुद्धीवरच्या माणसांचा श्वास यंत्राने एकसारखा चालू ठेवला आणि रक्तातला कार्बन डायॉक्साइड हळूहळू वाढवला. त्यांना हवेची भूक लुळे नसताना लागे तशीच, तितकीच तीव्र लागली. एकही स्नायू हलत नव्हता तरी!

हे दोन प्रयोग एकमेकांना छेद देतात असे वाटून त्या वेळी पुष्कळ वाद झाला. आज बहुतेकांचे मत असे की ‘धाप’ या एका शब्दात आपण निदान दोन वेगळ्या जाणिवा भरल्या आहेत. एक कष्टाची. ती स्नायूंकडून आणि हुकूम सोडणाऱ्या वरच्या मेंदूकडून येते. दुसरी हवेची भूक. लंबमज्जा श्वासाचा हुकूम खाली सोडते, तेव्हा त्याची एक प्रत वरही पाठवते. ती प्रत मोठी आणि मिळालेली हवा थोडी, की भूक लागते. वर्गात हा फरक दाखवता येतो. नळीतून श्वास घेताना मुख्यतः कष्ट जाणवतात, आणि श्वास रोखून धरला की भूक. मुलांनाच त्यांच्या शब्दांत वर्णन करायला सांगावे. ‘जड वाटतं’ आणि ‘कोंडल्यासारखं वाटतं’ हे शब्द ती सहसा आपणहून वेगळे वापरतात.

तिसरी एक बातमी फुफ्फुसातूनच येते, आणि तिचा शोध लावणारा भारतीय आहे. ऑतार सिंग पेंटल यांनी १९५५ मध्ये फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांलगतचे चेतांचे अग्र दाखवून दिले. पुढे त्यांना जे-ग्राहक हे नाव मिळाले. फुफ्फुसात पाणी साचू लागले की हे अग्र उद्दीपित होतात आणि श्वास उथळ व जलद होतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत त्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नळी तासभर तोंडात ठेवली, तर थकते कोण? १९७७ मध्ये माँट्रियलच्या मीकिन्स-क्रिस्टी प्रयोगशाळेत (या नावातला मीकिन्स कधीकाळी हॉल्डेनचाच सहकारी) रुसोस आणि मॅक्लेम यांनी तीन निरोगी माणसांना अडथळ्यातून श्वास घ्यायला लावले. नाकातून बारीक नळ्या घालून एक फुगा अन्ननलिकेत आणि एक जठरात ठेवला. दोन्हींतल्या दाबाचा फरक म्हणजे श्वासपटलाने लावलेला जोर. असे आढळले की दर श्वासाला जास्तीत जास्त जोराच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जोर लागत असेल, तर माणूस ते काम दीर्घकाळ रेटू शकतो. त्याच्या वर गेले की घड्याळ लागते. जोर जितका जास्त तितका वेळ कमी. १९८२ मध्ये बेलमार आणि ग्रासिनो यांनी यात वेळेचा हिशेबही घातला. स्नायू किती जोराने आखडतो आणि श्वासाच्या एकूण चक्रात किती वेळ आखडलेला राहतो, या दोन अपूर्णांकांचा गुणाकार ०.१५ च्या आसपास पोचला की थकव्याची सीमा आली. निवांत बसलेल्या माणसात हा आकडा याहून पुष्कळच लहान असतो.

दम्याच्या झटक्यात ही सीमा दोन्ही बाजूंनी जवळ येते. श्वासनलिका आक्रसतात म्हणून जोर जास्त लागतो. हवा बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते, त्यामुळे श्वासपटलाचा घुमट आधीच सपाट झालेला असतो. आणि आधीच आखूड झालेला स्नायू कमी जोर लावू शकतो. खर्च वाढला आणि मिळकत घटली, असा हा प्रकार. असे मूल पुढे वाकून, हात टेकून बसते, वाक्य तोडून तोडून बोलते, त्याच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जातो. त्यानंतर जर त्याची घरघर थांबली आणि ते पेंगू लागले, तर ‘उतार पडला’ असे समजून त्याला झोपू देणे जिवावर बेतू शकते. घरघर थांबली, कारण आवाज निघण्याइतकी हवाच आता आत-बाहेर होत नाही; आणि पेंग येते ती साठलेल्या कार्बन डायॉक्साइडमुळे. त्या क्षणी त्याला रुग्णालयात पोचवायला हवे.

माँट्रियलच्या प्रयोगांनंतर साऱ्यांना वाटू लागले की हॉल्डेन चुकला, थकतो तो स्नायूच. ऐंशीच्या दशकात ‘श्वासपटलाचा थकवा’ हे शब्द वैद्यकीय नियतकालिकांत जिकडेतिकडे दिसत. पण एक शंका उरली होती. चढावर गाडी थांबली, तर बैल थकला की गाडीवानाने कासरा आवरला, हे बाहेरून पाहणाऱ्याला कसे कळावे? गाडीवानाला बाजूला सारून बैलाला थेट हाकले तरच कळेल. १९८७ मध्ये बेलमार आणि बिगलँड-रिची यांनी तेच केले. दमलेल्या माणसाला सगळा जोर लावून श्वास ओढायला सांगितले आणि त्याच वेळी मानेतल्या चेतेला विजेचा झटका दिला. स्नायू खरोखर संपला असता, तर झटक्याने आणखी काहीच निघाले नसते. पण जोर निघाला. घटलेल्या जोरापैकी जवळजवळ निम्मी घट हुकूमच कमी झाल्यामुळे होती. मेंदू राखून हुकूम सोडत होता. म्हणजे १९१९ चे हॉल्डेनचे निदान निम्मे तरी खरे ठरले, तेही त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी.

हुकूम सोडणारा हा मेंदू म्हणजे केवळ लंबमज्जा नव्हे. २००७ मध्ये पॅरिसच्या एका गटाने डोक्याला विद्युतअग्रे लावून दाखवले की अडथळ्यातून श्वास घेताना, दर श्वासाच्या थोडे आधी, हालचालींची तयारी करणारा मोठ्या मेंदूचा भाग जागा होतो. एरवीच्या श्वासात तो स्वस्थ असतो. नळी तोंडात असताना दुसरे काही सुचत नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

उथळ आणि भराभर श्वासांचे कोडेही याच अंगाने बदलले. यंत्रावरून काढलेले काही रोगी असे श्वास घेऊ लागतात आणि त्यांना पुन्हा यंत्रावर ठेवावे लागते. १९९१ मध्ये यांग आणि टोबिन यांनी मिनिटाला होणारे श्वास भागिले एका श्वासाची लिटरमधली हवा असा सोपा भागाकार सुचवला. उत्तर १०५ च्या वर गेले तर यंत्र काढण्याची घाई नको. पूर्वी समजूत होती की हे श्वास थकलेल्या स्नायूचे लक्षण आहे. पण टोबिनच्या निरीक्षणात ते यंत्र काढल्याबरोबर, पहिल्या मिनिटांतच सुरू होत. थकायला वेळ तरी कुठे मिळाला? २००३ मध्ये त्याच गटाने यंत्र काढण्याचा प्रयत्न फसलेल्या रोग्यांच्या चेतांना चुंबकीय झटके देऊन पाहिले. त्यांचे श्वासपटल दुबळे होते, पण त्या प्रयत्नाने थकलेले आढळले नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका निकाल आहे. लहान लहान श्वास घेऊन मेंदू प्रत्येक वेळचा जोर सीमेच्या आत ठेवतो, मग कार्बन डायॉक्साइड थोडा साठला तरी चालेल, असा हा सौदा दिसतो.

दुबळे तरी का झाले? याचे एक उत्तर २००८ मध्ये मिळाले, आणि ते अस्वस्थ करणारे होते. लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी मेंदू मृत झालेल्या १४ अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. यंत्रावर १८ ते ६९ तास त्यांचे श्वासपटल निष्क्रिय होते. एवढ्या अवधीत स्नायूतंतूंच्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून खाली आले होते. संथ तंतूंचा छेद ५७ टक्के आणि जलद तंतूंचा ५३ टक्के लहान झाला होता. पायाला प्लास्टर घातले तरी स्नायू वाळायला आठवडे लागतात. दिवसाला वीस हजार वेळा राबणारा हा स्नायू दोन-तीन दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीने वाळला.

मग यंत्रावरच्या रोग्याला श्वासासाठी झगडू द्यावे काय? तेही नाही. टोरांटोचे गोलिगर आणि त्यांचे सहकारी खाटेपाशीच ध्वनिलहरींचे यंत्र लावून फासळ्यांच्या फटीतून श्वासपटलाची जाडी मोजतात. ती असते जेमतेम दोन मिलिमीटर. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की काही रोग्यांत ही जाडी घटत जाते, तर फार कष्ट पडणाऱ्या काहींत वाढते. २०१८ मध्ये पुढचा हिशेब आला. सर्वांत लवकर यंत्रावरून सुटले ते पहिल्या तीन दिवसांत स्वतःही थोडा श्वास ओढत राहिलेले रोगी. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना जेवढा जोर लावतो, साधारण तेवढाच.